बुजवलेला चर

आमच्या घरात कुणाला मारायला वेगळं हत्यार शोधावं लागत नसे. फावडं असायचंच. रानात दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघालेला माणूस फावडं खांद्यावर टाकूनच घराबाहेर पडतो, आणि पाण्यावरून शब्दाने शब्द वाढला की ते खांद्यावरून खाली यायला वेळ लागत नाही. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, माझ्या नवऱ्याच्या पाठीवर फावड्याचा दांडा मोडताना पाहिलं. नवऱ्याचा गुन्हा एवढाच की पाणी धरताना त्याला डुलकी लागली आणि सरीतलं पाणी बांध फोडून गाडीवाटेवर गेलं. आबा मारत होते आणि ओरडत होते, "पानी सांडलंस! पानी!" मी चुलीपुढे भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "उलट ती. हे रोजचंच हाय."

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. दौंड तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या अंगाला आमचं रान आहे. माझं माहेर शिरूरकडचं, कवठे येमाईच्या वरच्या माळावरचं. दोन्ही घरं धनगरांचीच. फरक एवढाच की सासरच्या लोकांनी मेंढरं विकून कालव्याखाली जमीन घेतली आणि ऊस लावला, आणि माझे वडील, आप्पा, अजून कळपामागे चालत होते.

आबांचा मी खूप वर्षं नुसता राग राग केला. आजही करते. पण हा माणूस पाण्यासाठी असा पिसाळतो का, हे मला कळत होतं, कारण मीही त्याच मातीतली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा अर्ध्याहून जास्त कळप त्यांच्या डोळ्यांदेखत तहानेने मेला होता. ज्याच्या सात पिढ्या पाणी हुडकत फिरल्या, त्याच्या रानात अचानक कालव्याचं पाणी पाटाने चालत आलं. आता यातलं थेंबभरही बाहेर जाऊ द्यायचं नाही, असं त्यांच्या मनाने धरलं. ऊस पाण्यात उभा असला की त्यांना झोप लागायची. जुने बागाईतदार पाणी देतात तसं सोडूनही देतात. आमच्या लोकांना देणं माहीत झालं. सोडणं कुणाला जमलं नाही.

रानाच्या खालच्या कडेने एक चर होता. जमीन ज्यांच्याकडून घेतली त्यांनी तो खणलेला. पुरुषभर खोल, वरच्या रानाचं जादा पाणी गोळा करून ओढ्यात नेऊन सोडणारा. बारा महिने त्यात पाण्याची बारीक धार चालू असायची, आणि त्या धारेकडे बघून आबांच्या पोटात दुखायचं. "बघ, चाललंय," ते म्हणायचे. "आपलं पानी फुकट ओढ्याला चाललंय."

चराच्या पलीकडे खाली एका बौद्ध कुटुंबाचं रान होतं. तिथला कर्ता माणूस दौंडला रेल्वेत नोकरीला. सुट्टीला आणि ड्युटी संपल्यावर शेती करायचा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला वहिनी. त्यांची विहीर आमच्या बांधाला लागूनच होती, आणि पिण्याचं पाणी आम्हीसुद्धा तिथूनच आणायचो. गावात हे सांगायला आबांना आवडत नसे. पाणी प्यायला मात्र आवडायचं, कारण ते गोड होतं. त्या विहिरीवर दादांची बायको आणि मी, आमच्या दोघींच्या सासरच्या सगळ्या तक्रारी बोलून व्हायच्या.

एका उन्हाळ्यात आबांनी ट्रॅक्टर लावून चर बुजवला. वर दांडगा बांध घातला, आतल्या अंगाला उसाच्या सऱ्या वाढवल्या. दादा ड्युटीवरून परत येत होते, अंगावर रेल्वेचे कपडे तसेच. सायकल टाकून बांधावर आले आणि हात जोडूनच बोलले.

"आबा, चर बुजवू नका. पानी कुठं जाईल? तुमचंच रान कुजंल. आन् जे झिरपंल ते माझ्या विहिरीत येईल."

"पानी रानात मुरायला आलंय," आबा म्हणाले. "वाटंनं हिंडायला न्हाई."

"मोजणीच्या नकाशात चर हाय आबा."

एवढं म्हणायची खोटी, फावडं फिरलं. दादांनी डोकं वाचवायला हात वर केला आणि दांडा हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी घराच्या ओट्यावरून ऐकला. दादा खाली बसले आणि आबांनी दुसरा घाव पाठीत घातला, तिसरा मांडीवर. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करायचं विसरून बघत राहिला. बांधावर कुणी पाटील असता तर आबांचा हात इतक्या सहज उठला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि घरात सगळ्यांना कळत होतं. पोलिसात तक्रार झाली, तारखा पडत गेल्या. दादांचा हात वाकडाच सांधला. त्यांची बायको विहिरीवर मला बघून तोंड फिरवायला लागली, आणि तिचं बरोबरच होतं.

पहिल्या साली ऊस असा फोफावला की आबा मिशीवर हात फिरवत फिरले. दुसऱ्या साली खालच्या सऱ्यांतला ऊस पिवळा पडला. आबा म्हणाले, खत कमी पडतंय. आणखी युरिया, आणि युरिया विरघळायला आणखी पाणी. पुढे रानाच्या तळाला पांढरी खार फुटली. सकाळी उन्हात बघितलं तर पीठ सांडल्यासारखं दिसायचं, आणि पाय टाकला की खाली काळा गिलावा घोट्याच्या वर यायचा. त्या गिलाव्यात आमचा एक बैल रुतला. आबांनी त्याला पराणीने इतकं टोचलं की त्याच्या पुठ्ठ्यावर रक्ताचे ओघळ आले, आणि शेवटी बैलानेच फिरून त्यांना शिंग मारलं. मला मनातून बरं वाटलं.

विहिरीचं पाणी बदलत गेलं ते आम्हां बायकांना आधी समजलं. डाळ शिजेना. चहात दूध नासायला लागलं. अंगाला साबण लावला तर फेस येईना, नुसता चिकटा. एक दिवस दादांच्या बायकोने इतक्या काळानंतर पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं आणि घागर माझ्या पायांवर ओतली. "घे," ती म्हणाली, "तुमचंच पानी हाय." मी ओले पाय घेऊन घरी आले आणि जेवायला बसलेल्या आबांना सरळ सांगितलं की चर उघडा. ताट माझ्या कपाळावर येऊन लागलं. नवऱ्याने तेवढ्या वेळात मान वर केली नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने बांधाला एक चीर पाडली, पाणी जावं म्हणून. आबांनी त्याला तिथेच गाठलं. चार दिवस तो पालथा झोपत होता.

मला तो चर उघडा हवा होता याला आणखी एक कारण होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. माहेरी घराला कुलूप, आप्पा वर्षभर वाटेवर. त्यामुळे बाकीच्या पोरी माहेरी जायच्या आणि माझं माहेर वर्षातून एकदा माझ्याकडे चालत यायचं. दिवाळी झाली की न्हावऱ्यावरून, पारगावच्या पुलाने भीमा ओलांडून आप्पांचा कळप यायचा, आमच्या रिकाम्या रानात मेंढरं बसायची, लेंडीखत पडायचं, आणि मी आप्पांच्या शेजारी घोंगडीवर बसून भाकरी खायचे. त्या मुक्कामावर मी बाकीचं वर्ष काढायचे. आणि खाली ते साचलेलं, हिरवट पाणी बघून मला दरवर्षी वाटायचं, यात एखादं मेंढरू गेलं तर आप्पा पुन्हा येणार नाहीत. ओढ्याचं वाहतं पाणी असताना आप्पा या डबक्याकडे फिरकतही नसत, एवढाच धीर होता.

त्या साली कळप दुपारचा आला. आदल्या दिवशीच आमची पाण्याची पाळी होती. आबा युरिया हाताने टाकायला कंटाळायचे; ते पोतंच्या पोतं पाटाच्या तोंडाशी ठेवायचे, म्हणजे पाणी त्यातून जाईल आणि खत आपोआप सरीसरीत पोचेल. आमच्याकडे पुष्कळ लोक असंच करतात. पाणी सगळ्या उसातून फिरून तळाला, बुजवलेल्या चराच्या बांधाशी येऊन थांबलं होतं. तिथला ऊस केव्हाच मेलेला. नुसतं डबकं आणि त्याच्याभोवती खारीचा पांढरा पट्टा.

मेंढरांना खार दिसली आणि ती सुटलीच. मेंढराला मीठ म्हणजे जीव की प्राण. धनगर बाजारातून खडेमीठ आणून त्यांना चाटवतो. आप्पा आडवे गेले नाहीत. ते हसले. "चाटू दे," मला म्हणाले. "यंदा मीठ इकत घ्यायला नको." मीही हसले. मी मेंढरांमध्येच वाढलेली, मलाही वाटलं, चला, या सडक्या रानाचा कुणाला तरी उपयोग झाला. आम्ही दोघं बाभळीखाली बसलो आणि मी त्यांना घरातलं सगळं सांगत होते; त्या नादात डबक्याची भीती मी विसरले. खार चाटून मेंढरांना तहान लागली आणि पाणी तर समोरच होतं.

पहिली मेंढी बाभळीजवळच पडली. आधी तिचे ओठ थरथरले, मग कान, मग सगळं अंग. दात करकरा खात ती गोल फिरली आणि कोसळली. पोट बघता बघता फुगलं. तोंडाला फेस. आप्पा उठेपर्यंत पलीकडे आणखी पडत होत्या. मेंढरू मुकाट्याने मरतं असं मी ऐकत आले होते. त्या दिवशी मेंढरं माणसासारखी ओरडली. पाय झाडत, एकमेकींवर आपटत, स्वतःच्या पिल्लांना तुडवत. मी आणि नवरा उरलेल्यांना काठ्यांनी हाणत पाण्यापासून मागे रेटत होतो. आप्पा कमरेचा कोयता काढून तडफडणाऱ्यांचे गळे कापत निघाले. एकीचा कापला, दुसरीकडे वळले, तिचा कापला. ज्यांना त्यांनी हाताने दूध पाजून वाढवलं होतं त्यांना ते नावाने हाक मारत होते आणि कापत होते. कोपरापर्यंत रक्त. पांढऱ्या खारीवर ते रक्त भलतंच लाल दिसत होतं.

सरकारी जनावरांचा डॉक्टर आला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याने डबक्यात बोट घालून वास घेतला, पाटाच्या तोंडाशी पडलेलं रिकामं पोतं पाहिलं आणि म्हणाला, "युरिया. सगळी पुरून टाका, कुणी खाऊ नका." भावकीतली माणसं जमली होती. त्यातल्या एकाने तेवढ्यात विचारलंच, वेळेत गळा कापलेलं चालतं का.

डॉक्टर गेला आणि आबांनी डोक्यात राख घातली. आपल्या पाण्याने कळप मेला हे त्यांच्या गळी उतरणं शक्यच नव्हतं. "कसला युरिया! खालच्यांनी विष कालवलं!" ते ओरडले. "हात मोडला त्याचा डूख धरला!" फावडं उचलून ते बांध ओलांडून निघाले, मागे भावकी काठ्या घेऊन. चौकशी कुणालाच नको होती. मारायला कुणीतरी सापडलं होतं, तेवढं पुरे होतं.

दादा दारात उभे होते. वाकड्या हातात पहार धरलेली. मागे बायको, तिच्या हातात जळतं लाकूड. मला पक्कं कळलं की आता इथे मुडदा पडणार. मी धावत जाऊन मध्ये उभी राहिले. मी धीट नव्हते, माझा संताप झाला होता.

"कुणी कालवलं विष?" मी ओरडले. "तुम्हीच आबा! काल माझ्या डोळ्यांदेखत पोतं पाटात ठेवलंत! चर तुम्ही बुजवलात! ह्यांची विहीर तुम्ही नासवलीत, रान तुम्ही मारलंत आन् आज माझं माहेर मारलंत!"

दांडा माझ्या डाव्या कानशिलावर बसला. त्या कानाने मला आजही ऐकू येत नाही. पडल्या पडल्या मला दिसलं की आप्पा कोयता घेऊन येत आहेत. आबांनी त्यांना बघितलं आणि चक्क म्हणाले, "या व्याही, ह्यांनीच केलं. घ्या सूड."

आप्पांनी आबांची मान पकडली. कोयता गळ्याला लावला, जसा मेंढरांना लावला होता तसाच, कानाखाली. आबांच्या मानेवर मेंढरांचं रक्त लागलं. भावकी मागे सरली. मला खरंच वाटलं की कापतील, आणि त्या क्षणी मला ते नको होतं असं मी म्हणणार नाही. पण आप्पांनी त्यांना ढकलून दिलं, कोयता फेकला, आणि दादांपुढे हात केला. "पहार दे," एवढंच म्हणाले.

ते थेट बांधावर गेले आणि बुजवलेला चर फोडायला लागले. पहारीचा एकेक घाव असा घालत होते की प्रत्येक घावाला त्यांच्या घशातून आवाज निघत होता. दादा आले, वाकड्या हातात कुदळ. मग माझा नवरा फावडं घेऊन आला. माती ओली, फोपशी; बांध खचला आणि डबक्यातलं पाणी भसकन मोकळं झालं. वर्षानुवर्षांचं कोंडलेलं, काळं, घाण मारणारं पाणी ओढ्याच्या वाटेला लागलं.

आबा तेव्हा "पानी! पानी!" करत आले आणि त्या भगदाडात आडवे पडले. छातीने पाणी अडवायला. दोन्ही हातांनी चिखल ओढून स्वतःभोवती थापत होते. नवऱ्याने आधी पायाला धरून ओढलं. ते सुटेनात. मग त्याने फावडं उलटं धरलं आणि आपल्या बापाला मारायला सुरुवात केली. पाठीवर, खुब्यावर, हातांवर, ते हात बांध सोडेपर्यंत. इतक्या वर्षांचं सगळं त्याने त्या जागी फेडलं. कुणी सोडवायला गेलं नाही. मीही गेले नाही. शेवटी पाण्यानेच आबांना उचललं आणि ओढ्याच्या तोंडाशी झुडपात नेऊन टाकलं.

त्यांचा खुबा मोडला तो पुन्हा जुळला नाही. जगले मात्र पुष्कळ. खाटेवरून रोज विचारायचे, "चर बुजवला का गं?" आणि मी रोज सांगायचे, "न्हाई आबा, चाललंय पानी." मला त्याचं काही वाईट वाटत नाही. चर चालू राहिला, पुढे नवऱ्याने आणि दादांनी मिळून तो आणखी खोल केला. काही पावसाळ्यांनी खार धुऊन गेली, तळाच्या रानात पुन्हा पीक दिसलं. विहिरीला त्याहून जास्त काळ लागला.

पण माझ्या मनातून जात नाही ती त्याच दिवसाची संध्याकाळ. कळपातली उरलेली मेंढरं आप्पांनी गोळा केली. ती इतकी थोडी होती की हाकायला काठीसुद्धा लागत नव्हती. मुक्काम करा म्हणून मी त्यांना म्हटलंच नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार? कानातून रक्त येत होतं, पदराने ते दाबून मी घरात गेले, भाकरी बांधली, तांब्याभर पाणी घेतलं आणि वाटेवर त्यांना गाठलं. त्यांनी भाकरी घेतली. तांब्या हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबले.

"हे त्याच विहिरीचं का?"

"व्हय आप्पा."

आमच्या माळावर आप्पा चूळ भरलेलं पाणीसुद्धा झाडाच्या बुडात टाकायचे. त्यांनी तांब्या तिरपा केला आणि पाणी सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, रस्त्यावर ओतून दिलं. मग रिकामा तांब्या माझ्या हातात ठेवला आणि पारगावच्या पुलाकडे चालू लागले. त्यानंतर ते माझ्या दारी कधीच आले नाहीत.